अनुपस्थितीत बोलण्याची संमती

माझा आवाज महाराष्ट्रातल्या बऱ्याच लोकांनी ऐकला आहे. मी ऐकलेला नाही. मी जन्मापासून बहिरी आहे, आणि कर्णबधिर म्हटल्यानं कान सुधारत नाहीत, तेव्हा बहिरीच म्हणा.

पंधरा वर्षं मी चित्रपटांत काम केलं आणि त्या पंधरा वर्षांत माझ्या वाट्याला एकच बाई आली. कधी ती नायकाची बहीण असे, कधी शेजारीण, कधी देवळाच्या पायरीवर फुलं विकणारी. पण असे मुकीच. पहिल्या अर्ध्या तासात लोकांना तिची दया यायची आणि मध्यंतराच्या आत ती मरायची. खुनाची एकमेव साक्षीदार तर मी चारदा झाले. साक्षीदार मुकी असली की लेखकाचं काम किती सोपं होतं, ते मी जवळून पाहिलंय. माझा नवरा ईश्वर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर कामाला होता. तोही बहिरा. माझं शूटिंग संपवून मी कोल्हापुरात घरी आले की दारातच तो हातांनी विचारायचा, "या खेपेला कशानं मेलीस?"

तो स्वतः मात्र खरंच गेला. त्याला चार वर्षं झाली. त्याच्यानंतर घरात मी आणि माझी मुलगी जुई, दोघीच उरलो. जुईला ऐकू येतं. ती बोलायच्या आधी खुणा करायला शिकली होती.

'कंठ' आमच्या घरात आला तो ईश्वर गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. अद्वैत खांबेटे नावाचा पुण्याचा दिग्दर्शक तो घेऊन आला. मनगटात घालायचे दोन पट्टे, गळ्यात बोटभर रुंदीची एक पट्टी आणि एक चष्मा. चष्म्याचं काम सोपं होतं: समोरचा बोलला की त्याचे शब्द काचेवर उमटायचे. पट्ट्यांचं काम अवघड. आपण बोट हलवतो तेव्हा हाताच्या स्नायूंतून अगदी बारीक वीज धावते, आणि ती बोट हलायच्या किंचित आधीच धावते. पट्टे ती वीज वाचतात. गळ्यातल्या पट्टीचा कॅमेरा खालून चेहरा बघतो, कारण आमच्या भाषेतलं निम्मं व्याकरण भुवयांत असतं. दोन्ही जुळवून यंत्र मराठी वाक्य तयार करतं आणि बोलतं.

एक अडचण होती. खुणांचा क्रम मराठीपेक्षा वेगळा. वाक्य पुरं होईपर्यंत यंत्र थांबलं तर समोरचा नट खांबासारखा उभा राहणार. म्हणून यंत्राला अंदाज बांधायला शिकवलं होतं. या बाईला पुढं काय म्हणायचं असेल हे तिच्या आजवरच्या बोलण्यावरून ताडायचं आणि तिचे हात पोचायच्या आत बोलायला लागायचं. सुरुवातीला ते हमखास चुकायचं. वर्षभरात चुकायचं थांबलं.

आवाजही कुणाचा उसना नव्हता. माझ्या घशाची, जिभेची, टाळूची मापं घेतली. हुपरीला जाऊन माझ्या आईचा आणि धाकट्या बहिणीचा आवाज घेतला. मला ऐकू येत असतं तर मी कशी बोलले असते, तो हा आवाज, असं त्या लोकांचं म्हणणं. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडली. मी बघत बसले. नंतर जुईला विचारलं, "कसा आहे?"

जुईनं बराच विचार केला. "जरा जाडसर आहे. आजीसारखा. वाक्याच्या शेवटी खाली उतरतो." मग म्हणाली, "छान आहे गं."

खांबेट्याच्या चित्रपटात मी वकीलीण होते. दोन तास सतत बोलणारी, भल्याभल्यांना उलटतपासणीत रडवणारी, आणि शेवटी जिवंत असलेली वकीलीण. पडद्यावरचे माझे ओठ संगणक हलवणार होता आणि खुणा करणारे हात पुसून त्या जागी टेबलावर शांत टेकलेले हात रंगवणार होता. तिसऱ्या दिवशी खांबेटे जवळ आला. चष्म्यावर अक्षरं उमटली: "शलाकाताई, हात मांडीवर ठेवूनच करून बघायचं का? पट्ट्यांना तेवढं पुरतं, आणि आम्हाला पुसायला कमी लागेल."

मिरजेच्या आमच्या शाळेत बाई आम्हाला हातांवर बसवायच्या. हात हलले की मुलं तोंडानं बोलायला शिकत नाहीत, अशी त्यांची खात्री होती. तासाच्या शेवटी हातांना मुंग्या यायच्या आणि आम्ही वसतिगृहाच्या मोरीमागं जाऊन तासाभराचं साठलेलं बोलणं एकदम बोलायचो. हे सगळं मला आठवलं, तरी मी हात मांडीवर ठेवले. खुशीनं ठेवले, खोटं कशाला बोलू? चाळिशीत मला पहिल्यांदा जगायला मिळालं होतं.

चित्रपट चालला. मिरजेच्या शाळेतला माझा मित्र इम्तियाज मुजावर आमच्या रविवारच्या बहिऱ्यांच्या बैठकीतल्या वीस जणांना घेऊन तो बघायला गेला. बैठकीत मी गेले तेव्हा त्यानं नेहमीसारखा दिवा दोनदा लावून-विझवून सगळ्यांचं लक्ष वेधलं, आणि सगळ्यांनी हात वर करून हलवले, आमच्या टाळ्या. टाळ्या झाल्यावर इम्तियाजनं मला विचारलं, "काम चांगलं केलंस. पण ती बाई कोण होती?" मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर वेळ मिळत नाही म्हणून रविवारचं जाणं कमी झालं.

आता डबिंगचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून झालं.

सेटवर घेतलेल्या आवाजात पंखे, गाड्या, कुत्री असं काय काय येतं. म्हणून संकलन झाल्यावर नट डबिंगच्या काचेच्या खोलीत जातात आणि आपले संवाद पुन्हा बोलतात. चित्रपटाच्या धंद्यातल्या सगळ्या खोल्यांत मी वावरले होते, ही एक सोडून. माझं तिथं कामच नसायचं. दुसऱ्या वकिलीणीच्या वेळी, म्हणजे पहिली चालली म्हणून निघालेल्या पुढच्या भागाच्या वेळी, कंपनीचा माणूस एक कागद घेऊन आला. त्याचं म्हणणं असं की मी त्या खोलीत बसून पुन्हा खुणा करण्यात अर्थ नाही. यंत्र मला ओळखतं. मी घरी बसावं, ते माझ्यावाचून डबिंग उरकेल. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या अनुपस्थितीत कंठाने माझ्या वतीने बोलण्यास माझी संमती आहे.' खाली बारीक अक्षरात आणखी दोन पानं होती. मला वाचायचा कंटाळा नाही, मी वाचूनच जगते. पण त्या दिवशी मला वाटलं, डबिंगच्या खोलीत जे काही चालतं ते मला कळणार थोडंच आहे? मी सही केली.

बहिऱ्यांच्या घरात एक गोष्ट असते जी ऐकणाऱ्यांच्या घरात नसते. माझ्याशी बोलायचं तर माझ्याकडे बघावं लागतं. भाजी करता करता, पाठमोरं, दुसऱ्या खोलीतून काही म्हणता येत नाही. जमिनीवर पाय आपटायचा म्हणजे पावलांना थरथर कळते, मान वळते, मग बोलायचं. ईश्वर रागावला की हात गुंडाळायचा नाही, डोळे मिटून घ्यायचा. मग बोला कितीही. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण म्हणजे मिटलेले डोळे.

कंठ आल्यावर हे गेलं. जुई फ्रिजमध्ये डोकं घालून बोलायची आणि तिच्या पाठीवर मला अक्षरं दिसायची. मी उत्तर द्यायची तेव्हा ती मोबाइलकडे बघत असायची, कारण उत्तर कानावर पडत होतं. कित्येक दिवस तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सोय झाली म्हणून मीही काही म्हणाले नाही. सोयीविरुद्ध तक्रार करायची तरी कशी?

मग ती शिकायला पुण्याला गेली. मी मोबाइलवर लिहून विचारलेल्याला तिची उत्तरं यायची ती "हो गं", "जेवले", "सांगितलं ना तुला". मी म्हणायची, सांगितलं असेल, कामाच्या धबडग्यात मीच विसरले असेन. मुलं मोठी झाली की अशीच तुटक होतात, असं सगळ्या आया सांगतात. मी संध्याकाळी चष्मा फडताळात आणि पट्टे ओट्यावरच्या चार्जिंगच्या स्टँडवर ठेवायची आणि भाकरीला लागायची. स्टँडला हिरवा दिवा होता. तो तिन्हीसांजेला लागायचा आणि पाऊण तासानं विझायचा. मला वाटायचं, चार्ज झालं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी जुई अचानक आली. मी परातीत पीठ मळत होते, पट्टे स्टँडवर होते, चष्मा मात्र तिच्यासाठी डोळ्यांवर होता. ती माझ्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होती. तिच्या पाठीवर अक्षरं उमटली: "आई, तू ते बाबांचं सांगितलंस ना, त्या दिवसापासनं मला नीट झोप लागायला लागली."

मी पिठातले हात वर काढायच्या आत काचेवर दुसरी ओळ आली. तिच्यापुढं माझं नाव होतं: "बरं झालं गं बाळा. मी आधीच सांगायला हवं होतं."

माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते. स्टँडवरचा हिरवा दिवा लागलेला होता.

आधी मी हात धुतले. मग मोबाइलवर कंठाची नोंद उघडली. आजवर मी ती कधी उघडली नव्हती. अनुपस्थितीत घेतलेले फोन: रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं, कधी पंधरा. जुई. अडतीस मिनिटं. जुई. बावन्न मिनिटं. एकशे बासष्ट वेळा. काय बोलणं झालं ते लिहिलेलं नव्हतं. समोरच्याचं बोलणं खाजगी असतं म्हणून ते साठवत नाहीत, असं खाली सभ्यपणे नमूद केलं होतं. मी ज्या वेळी भाकरी थापत होते त्या वेळी माझ्या शेजारी हातभर अंतरावर माझा आवाज माझ्या लेकीशी बोलत होता. इतर कुठल्याही बाईला पहिल्याच दिवशी ऐकू आलं असतं.

मी चष्मा काढून फडताळात ठेवला आणि जमिनीवर पाय आपटला.

जुई वळली. मी हातांनी म्हणाले, "ती मी नव्हते."

तिला कळायला वेळ लागला. ती तोंडानं काहीतरी बोलली. मी डोळ्यांकडे बोट दाखवलं: चष्मा नाही, हातांनी बोल. तिचे हात वर आले आणि घुटमळले. वर्ष-दीड वर्षात बोटं अडखळायला लागली होती.

"फोनवर?" तिनं विचारलं. "तू नव्हतीस?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही. मला माहीतच नव्हतं तू फोन करतेस."

ती स्टँडकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "मी पहिल्या सत्रात नापास झाले, तुला माहीत आहे?"

"नाही."

"मी महिनाभर मेसवर जात नव्हते. तू रोज विचारायचीस, आज जेवलीस का. ते?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला हेवा वाटला, सांगून टाकते. यंत्राचा हेवा. माझ्या लेकीचं सगळं वर्ष त्याच्यापाशी होतं आणि माझ्यापाशी "हो गं" आणि "जेवले".

"मग बाबांचं?" जुईचे हात आता भराभर चालत होते, चुकत होते, तरी थांबत नव्हते. "शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं, ते?"

आमच्यात प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. ते आपण घ्यायचं नसतं, कुणीतरी द्यावं लागतं. तान्ही असताना जुई ईश्वरच्या कानाची पाळी धरल्याशिवाय झोपायची नाही. म्हणून त्यानं तिचं नाव ठेवलं होतं अंगठा आणि तर्जनीत कानाची पाळी चिमटीत धरणं. यंत्राला ही खूण माहीत होती. मी दिवसातून दहादा करायची. जुईनं मला सांगितलं ते असं: यंत्र तिला म्हणालं होतं की शेवटच्या दिवशी बाबांनी कानाची पाळी धरली, माझ्याकडे बघून हसले आणि मग डोळे मिटले. ईश्वर गेला तेव्हा जुईची दहावीची परीक्षा होती. मी तिला हुपरीला आईकडे ठेवली होती आणि दवाखान्यात आणलं नव्हतं. चार वर्षांत तिनं काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. बहुतेक फोनवरच्या आवाजाला विचारायला तिला सोपं गेलं असेल. त्याच्याकडे बघावं लागत नाही.

मी गप्प बसू शकत होते. हो, मीच सांगून ठेवलं होतं, एवढं म्हटलं असतं तर तिची झोप शाबूत राहिली असती. तिला झोप लागायला लागली होती, हे माझ्यासमोर होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, कितीतरी दिवसांनी. त्या डोळ्यांसमोर खोटे हात करायला मला जमलं नाही.

"बाबांचे हात बांधलेले होते," मी म्हणाले.

तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, तिला खूण कळली नाही. मी परत केली. मनगटावर मनगट, आणि पलंगाची कडा.

"नाकातोंडात नळ्या होत्या. तो त्या ओढायचा, म्हणून दोन्ही बाजूंना हात बांधले. मी लिहून दिलं की तो हातांनी बोलतो, एक तरी सोडा. नर्स भली होती, पण ती म्हणाली डॉक्टर आल्यावर. दोन दिवस तो बोलला नाही. बोलूच शकला नाही. पलंगाच्या कडेवर पाय आपटायचा, मला बोलवायला. मी गेले की नुसता बघायचा."

जुईनं हात पुढं केले आणि परत घेतले.

"शेवटच्या दिवशी मी माझा तळवा त्याच्या बोटांखाली सरकवला. म्हटलं, एवढ्यात काय सांगता येईल ते सांग. त्याची बोटं हलली. अंगठा आणि हे बोट जवळ आलं. असं." मी तिचा हात ओढून घेतला आणि तिच्या तळव्यावर ते करून दाखवलं. "तुझं नाव असेल. किंवा नुसती कळ आली असेल. मला कळलं नाही, जुई. चार वर्षं मी रोज विचार करते, मला कळलेलं नाही."

तिनं आपल्या तळव्याकडे बघितलं. मग हातांनी म्हणाली, "फोनवर तिनं सांगितलेलं मला आवडलं होतं."

"माहीत आहे."

"तू आणायला हवं होतंस मला."

"हो. ते माझं चुकलं. मी..." मी पुढं सांगायला हात उचलले, आणि जुईनं डोळे मिटून घेतले.

बापाची लेक. मी तशीच हात उचलून उभी राहिले. बंद डोळ्यांतून पाणी येत होतं पण पापण्या उघडत नव्हत्या. मी तिला हलवलं नाही. आमच्यात तसं करत नाहीत. थोड्या वेळानं ती उठली, पिशवी घेतली आणि चारच्या गाडीनं गेली. कोथिंबीर अर्धी निवडलेली तशीच राहिली.

मी सही केलेल्या त्या कागदाच्या बारीक अक्षरात घरचे फोनही होते. संमती काढून घ्यायची सोय होती, पण ती अर्धी काढता येत नव्हती. घर आणि चित्रपट असे दोन खटके नव्हते, एकच होता. तो बंद केला की कंठ माझ्या अनुपस्थितीत कुठंच बोलणार नाही, आणि दुसऱ्या वकिलीणीचं डबिंग अजून अर्ध्यावर होतं. मी खांबेट्याला कळवलं. तो बिचारा कोल्हापूरपर्यंत आला.

"ताई, अकरा दिवस फक्त," तो म्हणाला. मी त्याच्यासाठी चष्मा लावला होता. "नाहीतर मला दुसऱ्या बाईचा आवाज घालावा लागेल. तुमचा आवाज हीच ओळख झालीय आता. लोक विचारतील. आणि स्पष्ट सांगू का? मग पुन्हा असे रोल नाही मिळायचे. तुम्हाला सगळे परत तेच देतील."

"साक्षीदार," मी म्हणाले.

"तेच."

तो खोटं बोलत नव्हता. अकरा दिवस म्हणजे काही फार नाही, मीही मनाला सांगून पाहिलं. पण त्या प्रत्येक दिवशी सात वाजून दहा मिनिटं होणार होती. जुईनं फोन केला असता तर तो दिवा लागला असता आणि तिला काहीतरी गोड, शहाणं उत्तर मिळालं असतं. आणि मी जर त्या वेळी समोर उभी असते तरी मध्ये पडून काय बोलणार होते? मला बंदच करावा लागला. यंत्रानं तीनदा विचारलं, खात्री आहे का. खात्री नव्हती. मी तिन्ही वेळा हो म्हटलं.

दुसरी वकीलीण दुसऱ्या बाईच्या आवाजात आली. लोक म्हणाले, या खेपेचा आवाज जास्त गोड आहे.

जुईला मी सविस्तर लिहिलं. बंद केलंय, आता मोबाइलवर चित्र लावूनच फोन कर, मी रोज सातला ओट्यापाशी असते. तिनं वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही. मी मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि त्याच्याकडे तोंड करून भाकऱ्या करायची. पहिल्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. पाचव्या दिवशी मी भाकऱ्याच केल्या नाहीत, एकटीला किती लागतात? स्टँड तसाच होता. त्याचा दिवा विझलेला असायचा आणि तरी माझी नजर तिकडं जायची. ही सवय कधी लागली होती, देव जाणे.

रविवारी बैठकीत गेले. इम्तियाजनं दिवा लावला-विझवला. मी सगळं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "आता कशानं मरणार पुढच्या चित्रपटात?" ईश्वरचंच वाक्य, दोघं एकाच वसतिगृहातले. मी हसले आणि मग मला रडू आलं आणि वीस माणसं माझ्याकडे बघत होती, कुणीही मान फिरवली नाही.

बाराव्या दिवशी, सात वाजून चाळीस मिनिटांनी, डब्याला टेकवलेला मोबाइल उजळला.

जुई होती. एका हातात मोबाइल धरलेला, म्हणून बोलायला एकच हात. आधी ती नुसती बघत राहिली. मग त्या हातानं म्हणाली, "मला विचारायचंय. बाबांची बोटं. किती वेळा जवळ आली?"

मी सांगायला लागले. तिनं मध्येच हात हलवून थांबवलं. "थांब. एका हातानं नाही जमत. मोबाइल कशाला तरी टेकवते."

चित्र उलटंपालटं झालं. उशी दिसली, खिडकीचा गज दिसला, मग मोबाइल कुठंतरी उताणा पडला असावा. तिच्या खोलीचं छत आणि फिरणारा पंखा. तिला टेकवायला काही सापडत नव्हतं.

मी पिठाचे हात पुसले आणि पंख्याकडे बघत थांबले.